सायकलस्वारांच्या सुरक्षेसाठी लोकप्रतिनिधींकडे जाताना: नगरसेवकाच्या कार्यालयापासून विधानभवनापर्यंत

"सायकलस्वारांसाठी काहीतरी करा" असं निवेदन घेऊन चारपाच जण नगरसेवकाकडे जातात. तो आदराने बसवतो, चहा येतो, फोटो निघतो, कागद फायलीत जातो. पुढे काहीच होत नाही, आणि लोक म्हणतात, या पुढाऱ्यांना सायकलशी देणंघेणं नाही. माझं मत वेगळं आहे. "रस्ते सुरक्षित करा" ही मागणी कुठल्याच एका माणसाच्या टेबलावर पोचत नाही, म्हणून ती मरते. अमुक रस्त्यावरचा अमुक तुकडा, अमुक लेखाशीर्षातून (म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या अमुक शीर्षकातून), अमुक महिन्याच्या आत, अशी मागणी असेल तर तिला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. ती कशी तयार करायची, कोणाकडे न्यायची आणि तिच्यामागे कसं लागायचं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. उदाहरणं बरीचशी पुण्याची आहेत, पण नाशिक, कोल्हापूर, नागपूर किंवा एखाद्या तालुक्याच्या गावातही वाट साधारण हीच आहे.

आधी ठरवा, काम कोणाचं

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली 13 वी नोंद वाचा. रस्ते आणि पूल तर तिथे आहेतच, शिवाय यंत्राने न चालणारी वाहनंही तिथेच आहेत. मोटारी समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत येतात, राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे आहेत, पण सायकल हा विषय राज्याचा आहे. तेव्हा "हे दिल्लीचं काम आहे" असं आमदार म्हणाले, तर ही नोंद दाखवायची.

शहरातल्या रस्त्याची रचना, सायकल ट्रॅक, दिवे आणि चेंबरची झाकणं हे सगळं महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं काम, म्हणजे नगरसेवकाचं. वेगमर्यादा, पार्किंगबंदी, एकेरी वाहतूक आणि ट्रॅकवर लावलेल्या गाड्या उचलणं वाहतूक पोलिसांकडे. गावाबाहेरचा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे की जिल्हा परिषदेचा, ते आधी विचारून घ्या. दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. महामार्ग आणि त्याचा सर्व्हिस रोड असेल तर खासदार. खासदारांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्यात एक रस्ता सुरक्षा समिती असते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी. दोन्हींच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आपला चौक यावा, एवढी मागणी खासदारांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करता येते. बहुतेकांना या समित्या असतात हेच माहीत नसतं.

जे मंजूर आहे तेच आधी मागा

नवी योजना मागितली की नवा सल्लागार, नवा अहवाल आणि आणखी दोन वर्षं. त्याऐवजी आपल्या शहरात आधीच काय मंजूर आहे ते शोधा. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभागृहाने, डिसेंबर 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशेहून अधिक किलोमीटरचं जाळं कागदावर आहे. त्याच्या आदल्या वर्षी, 2016 मध्ये, महापालिकेने पादचारी धोरण आणि रस्ते रचनेची मार्गदर्शक तत्त्वंही स्वीकारली. त्यामुळे पुण्यात नगरसेवकाला "सायकल ट्रॅक द्या" म्हणायची गरज नाही. "आराखड्यातला आपल्या प्रभागातला हा तुकडा या वर्षी पूर्ण करा" म्हणायचं. हे सभागृहाचंच ठरलेलं असतं, त्यामुळे विरोध करणाऱ्यालाही सभागृहाचा निर्णय मोडायची भाषा करावी लागते. नागपूर आणि पिंपरी-चिंचवड ही शहरं सायकलला पोषक शहरांसाठी केंद्राने 2020 मध्ये घेतलेल्या स्पर्धेत निवडली गेली होती. तिथल्या लोकांनी तेव्हा सादर झालेली कागदपत्रं बाहेर काढावीत.

राष्ट्रीय पातळीवरही पाठबळ आहे. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा गाभाच असा की रस्ता माणसं नेण्यासाठी आहे, गाड्या नेण्यासाठी नाही. सायकल ट्रॅक कसा बांधावा, याची इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची आयआरसी 11 ही संहिता 2015 मध्ये सुधारली गेली. 2017 च्या वाहनचालन विनियमांनुसार सायकल ट्रॅकवर गाडी चालवायला आणि लावायला मनाई आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198-अ आलं. ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता न बांधल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महापालिकेच्या पथ विभागातल्या, म्हणजे रस्ते विभागातल्या, बैठकीत हे कलम शांतपणे एकदा उच्चारावं. आवाज चढवायची गरज पडत नाही.

टेप, वही आणि एक आठवडा

आता पुरावा. एकच तुकडा निवडा, फार तर दोन किलोमीटरचा, आणि तो सायकलवरून नव्हे, पायी तपासा. मोजायची टेप, खडू आणि मोबाइल एवढं पुरे. ट्रॅकची रुंदी दर शंभर पावलांवर मोजा, कारण निविदेत लिहिलेली रुंदी आणि झाडाचा पार, वीजपेटी, बसथांबा वजा जाता उरलेली रुंदी यांत मोठा फरक निघतो. दुचाकी घुसू नयेत म्हणून लावलेल्या खांबांमधलं अंतर मोजा. साध्या सायकलचं हँडल साठ-पासष्ट सेंटिमीटर रुंद असतं. दुधाचे कॅन किंवा गॅसची टाकी लावलेली सायकल त्याहून बरीच रुंद असते. खांब दुचाकी अडवतात खरे, पण ज्याच्यासाठी ट्रॅक केला तोच आत शिरू शकत नाही, असं पुष्कळ ठिकाणी आहे. चेंबरचं झाकण पृष्ठभागापासून किती खाली किंवा वर आहे, जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने आहेत का, चौकापाशी उतार आहे की थेट सहा इंचांची पायरी, रात्री दिवा ट्रॅकवर पडतो की फक्त गाड्यांच्या रस्त्यावर, हे सगळं फोटोसह लिहा. फोटोत टेप दिसली पाहिजे. नुसत्या खड्ड्याच्या फोटोला कोणी दाद देत नाही. टेपवर आकडा दिसला की कनिष्ठ अभियंताही तो फोटो जपून ठेवतो.

मग मोजणी. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत, आठवड्यातल्या दोन कामाच्या दिवशी आणि एका रविवारी. नुसत्या सायकली मोजू नका. शाळकरी मुलं, कामावर जाणारे, दूध-पेपर-भाजीवाले, व्यायामाला निघालेले, असे चार रकाने करा. हाच भाग पुढे कामाला येतो. बहुसंख्य लोकप्रतिनिधींच्या मनात सायकल म्हणजे रविवारी सकाळी हेल्मेट आणि चमकदार जर्सी घालून सिंहगडाकडे जाणारी मंडळी. 2011 च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांपैकी सुमारे 13 टक्के लोक सायकलने कामावर जात होते, आणि देशातल्या 44.8 टक्के घरांत सायकल होती. ही माणसं निवेदनं देत नाहीत, कारण त्या वेळी ती कामावर असतात.

अपघातांची माहिती पोलिसांकडून माहिती अधिकारात घ्या. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत 30 दिवस. "मागील तीन वर्षांत अमुक पोलीस ठाण्याच्या हद्दीत सायकलस्वारांचे झालेले अपघात: दिनांक, ठिकाण, वेळ, समोरच्या वाहनाचा प्रकार, मृत किंवा जखमी" एवढंच विचारा. नावं मागू नका. ती मिळणार नाहीत आणि अर्ज फेटाळायला निमित्त मिळेल.

बरोबर कोण असावं

शिष्टमंडळात पाच माणसं पुरेत, पण ती कोण आहेत यावर निम्मं काम अवलंबून असतं. सायकल क्लबचा एक प्रतिनिधी ठीक आहे. बाकीच्यांत सोसायटीचा सुरक्षारक्षक, सायकलने कामाला जाणाऱ्या एखाद्या ताई, शाळेतल्या पालक-शिक्षक संघाच्या कोणी, आणि त्याच रस्त्यावरचा एखादा दुकानदार असावा. दुकानदार आधीच आपल्या बाजूला आणला असेल तर "व्यापारी ऐकणार नाहीत" हे उत्तर निघतच नाही. ज्यांचं रोजचं काम बुडणार त्यांच्या सोयीची वेळ घ्या: रविवार सकाळ किंवा रात्री आठनंतर. नगरसेवकांची कार्यालयं तेव्हा उघडी असतात.

पालकांचा जोर कमी समजू नका. नेदरलँड्स आज सायकलींचा देश म्हणून मिरवतो, पण 1971 मध्ये तिथे रस्ते अपघातांत सुमारे 3,300 माणसं दगावली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आईवडील रस्त्यावर उतरले, संसदेपर्यंत गेले, आणि मग धोरण बदललं.

ग्रामीण भागातल्या आमदारांकडे जाणार असाल तर आणखी एक मुद्दा हाताशी ठेवा. मानव विकास कार्यक्रमात राज्य सरकार 125 मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकल देतं. ही चांगली योजना आहे. पण सायकल हातात दिल्यावर मुलगी जाते ती उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून, कडेला साईडपट्टी खचलेल्या रस्त्यावरून. सायकल सरकारने दिली आहे, तर शाळेपर्यंतची साईडपट्टीही सरकारनेच द्यावी, ही मागणी कोणत्याही पक्षाच्या आमदाराला नाकारणं अवघड जातं.

नगरसेवक आणि अंदाजपत्रक

मार्च 2022 पासून पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर पुन्हा लोकांनी निवडलेली मुख्य सभा आली. आपल्या प्रभागात चार जण आहेत, बहुधा वेगवेगळ्या कामांत रस असलेले. चौघांनाही एकच पत्र, एकाच दिवशी द्या. एकालाच गाठलं तर बाकीचे तिघे त्याला श्रेय मिळू नये म्हणून गप्प बसतात.

वेळ महत्त्वाची. जानेवारी-फेब्रुवारीत आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, तिथे बदल होतात, मग ते मुख्य सभेत जातं. म्हणजे आपली मागणी दिवाळीच्या आधी पथ विभागात आणि नगरसेवकाकडे पोचलेली हवी. मार्चमध्ये गेलात तर पुढच्या वर्षाचं आश्वासन मिळतं. पुण्यात 2006 च्या सुमारास सुरू झालेली नागरिकांच्या सूचनांची पद्धतही आहे. पावसाळ्याच्या अखेरीस क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतात. चेंबर समतल करणं, चौकातले उतार, सायकल स्टँड अशी लहान कामं तिथे टाका. नगरसेवकाच्या 'स' यादीतूनही, म्हणजे त्याने आपल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांच्या यादीतूनही, अशी कामं होतात. दोन किलोमीटरचा सलग ट्रॅक मात्र त्यात बसत नाही, त्याला पथ विभागाची स्वतंत्र तरतूद लागते.

तरतूद झाली म्हणजे काम झालं, असं समजू नका. वर्षाच्या मध्यावर तोच निधी "वर्गीकरण" करून दुसऱ्या कामाकडे वळवला जातो, आणि हे स्थायी समितीच्या विषयपत्रिकेत एका ओळीत येतं. दर आठवड्याला ती विषयपत्रिका बघायचं काम गटातल्या एका माणसाकडे कायमचं द्या. सायकलच्या लेखाशीर्षातून वर्गीकरणाचा प्रस्ताव दिसला, तर बैठकीच्या आधी समितीच्या सदस्यांना फोन करा. नंतर केलेल्या फोनचा उपयोग नाही.

आमदार आणि अधिवेशन

इथे कायदा बदलतो. मोटार वाहन कायद्यातल्या कलम 138(1-अ) प्रमाणे राज्य सरकार पादचारी आणि बिनइंजिनाच्या वाहनांसाठी नियम करू शकतं, आणि कलम 210-ड प्रमाणे राष्ट्रीय महामार्ग सोडून इतर रस्त्यांच्या रचनेची मानकं ठरवू शकतं. दोन्ही कलमं 2019 ची. सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2025 रोजी सर्व राज्यांना या कलमांखालचे नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश दिले. आमदारांकडे घेऊन जायला याहून पक्की मागणी सध्या दुसरी नाही.

आमदारांना भाषण नको असतं, तयार मजकूर हवा असतो. विधानभवनात प्रश्न ज्या साच्यात छापतात, त्याच साच्यात लिहून न्या, म्हणजे स्वीय सहायकाला तो फक्त पुढे पाठवायचा उरतो. उदाहरणार्थ:

"(1) मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 138(1-अ) व 210-ड अन्वये नियम करण्याचे निर्देश मा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये दिले, हे खरे आहे काय. (2) असल्यास, त्यानुसार राज्य शासनाने सायकलस्वार व पादचारी यांच्या सुरक्षिततेबाबत कोणते नियम केले वा करण्यात येत आहेत. (3) सदर नियमांचा मसुदा हरकती व सूचनांसाठी केव्हा प्रसिद्ध करण्यात आला. (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतात, म्हणून तोच मागा. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, तेव्हा हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरची तारीख जाहीर होण्याची वाट पाहू नका. प्रश्नाची मुदत गेली असेल तर लक्षवेधी सूचना किंवा औचित्याचा मुद्दा. तुमचे आमदार मंत्री असतील तर ते सरकारला प्रश्न विचारू शकत नाहीत. मग विधान परिषदेतले तुमच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाचे आमदार गाठा. शाळकरी मुलांच्या सायकलींचा विषय शिक्षक आमदार मनापासून घेतात. भेटीसाठी अधिवेशनाचा काळ टाळा, मतदारसंघात असताना जा, दोन पानांच्या वर कागद नको, आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.

नियमांत काय हवं, काय येऊ द्यायचं नाही

माझ्या यादीत पहिलं: सायकलला मागे टाकताना ठरावीक अंतर सोडण्याची सक्ती. जर्मनीत 2020 पासून गावात दीड मीटर आणि बाहेर दोन मीटर असं कायद्यातच लिहिलेलं आहे. दुसरं, शाळा, बाजार आणि वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी 30 किलोमीटरची मर्यादा. फेब्रुवारी 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे सायकली आणि गाड्या एकत्र चालतात तिथे हाच वेग सांगितला आहे. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेत शहरातल्या मोटारींना 70 पर्यंत मुभा आहे, पण राज्याला ती कमी करता येते. तिसरं, आयआरसीची संहिता सल्ला म्हणून न राहता बंधनकारक व्हावी. कर्नाटकाच्या नागरी भू-वाहतूक संचालनालयाने 2021 मध्ये पायी आणि सायकलने फिरणाऱ्यांच्या हक्कांसाठी स्वतंत्र विधेयकाचा मसुदा केला होता. आमदारांना तो नमुना म्हणून जरूर द्या.

आणि आता जपून. कलम 138(1-अ) ची भाषा सायकलींचा वावर "नियंत्रित" करण्याची आहे. त्याचा अर्थ संरक्षण असाही होतो आणि बंदी असाही. कोलकात्यात पोलिसांनी 2013 मध्ये 174 रस्त्यांवर सायकलींना बंदी घातली होती. फटका बसला तो दूधवाले, पेपरवाले आणि कारागिरांना. आपल्याकडेही "सुरक्षेसाठी" मोठ्या रस्त्यांवरून सायकली हटवा, परवाना लावा, हेल्मेट नसेल तर दंड करा, अशा सूचना येतील. मजुराकडून दंड घेऊन त्याची सायकल सुरक्षित होत नाही. मसुदा राजपत्रात आला की तो ओळ न ओळ वाचा, आणि बंदीचं कलम असेल तर मुदतीत लेखी हरकत घ्या. नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ही संधी मिळतेच. हरकती शेकड्याने याव्यात, पण एकाच छापील मजकुराच्या नसाव्यात. सारख्या हरकती एकत्र करून एकच धरतात.

समोरून येणारी उत्तरं

"ट्रॅक केला होता, कोणी वापरत नाही." याला तुमच्या टेपचे फोटो दाखवा. दर चौकात तुटणारा, मध्येच वीजपेटीवर आदळणारा ट्रॅक वापरता येत नाही, हे फोटोच सांगतात. मग विचारा, हा एक किलोमीटर सलग करून सहा महिने पाहायचं का?

"पार्किंग कुठे जाईल?" हा खरा प्रश्न आहे, त्याला उडवून लावू नका. रस्त्याच्या कोणत्या बाजूला किती गाड्या किती वेळ उभ्या असतात, त्याची एका दिवसाची नोंद घेऊन जा. अनेक ठिकाणी सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच गाड्या उभ्या दिसतात, आणि गिऱ्हाइकाला जागा मिळत नाही ती त्यांच्यामुळे. ही नोंद व्यापाऱ्यांनाच दाखवली की बोलणं सोपं होतं.

"निधी नाही." मग निधी न लागणारं मागा: खांबांतलं अंतर, ट्रॅकवरच्या गाड्या उचलणं, शाळा सुटताना अर्धा तास अवजड वाहनांना बंदी. त्यातलं शेवटचं काम वाहतूक उपायुक्तांच्या एका आदेशाने होतं.

पाठपुरावा

पंधरा दिवसांनी फोन, महिन्याने स्मरणपत्र, आणि प्रत्येक पत्रात मागच्या पत्राचा आवक क्रमांक. दोन महिन्यांत काही हललं नाही तर "आमच्या अमुक क्रमांकाच्या पत्रावर केलेली कार्यवाही" एवढाच प्रश्न माहिती अधिकारात विचारा. वर्तमानपत्रात बातमी द्यायची ती या टप्प्यावर, आधी नाही. आधी दिली तर ज्याच्याकडून काम करून घ्यायचं तोच दुखावतो.

हद्दीत सायकलस्वाराचा अपघात झाला तर त्याच आठवड्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीला ठिकाणाच्या मोजमापांसह पत्र द्या. धडक देऊन वाहन पळून गेलं असेल तर मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये भरपाई मिळते. 1 एप्रिल 2022 पासून ही योजना लागू आहे, आणि सायकलस्वारही तिच्यात येतो. अर्ज तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात करायचा असतो. कुटुंबाला हे बहुधा कोणी सांगितलेलं नसतं, तेव्हा गटातल्या एकाने त्यांच्याबरोबर जावं.

काम सुरू झालं की कार्यादेशाची प्रत घ्या आणि ठेकेदाराचं काम चालू असतानाच रुंदी मोजा. काँक्रीट ओतल्यावर सांगितलेली चूक पुढच्या निविदेत जाते. काम नीट झालं तर ज्या नगरसेवकाने, ज्या अभियंत्याने ते केलं त्यांना लेखी आभाराचं पत्र द्या आणि त्याची प्रत आयुक्तांना पाठवा. अभियंत्याला अशी पत्रं क्वचितच येतात. त्याच पत्राच्या शेवटी पुढच्या तुकड्याची मागणी, रस्त्याच्या नावासह आणि मोजमापांसह, लिहून टाका.